टेबल तेच, मग आज असं का दिसतंय?

"सर, मी कशालाही हात लावला नाही. काल नीट दिसत होतं."

संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मंचरला शनिवार-रविवार मी डेटाबेसचा एक छोटा वर्ग घेत असे. तिथल्या एका विद्यार्थिनीने सरावासाठी कांद्याच्या लिलावाचं टेबल केलं होतं. रकाने तीनच: गाव, पिशव्या आणि भाव. शनिवारी संध्याकाळी ते पडद्यावर असं दिसत होतं:

  गाव    | पिशव्या | भाव
---------+---------+------
 ओतूर    |      ४५ |  ३००
 मंचर    |      ६० |  २८०
(२ ओळी)

रविवारी सकाळी तीच आज्ञा दिली, तर हे आलं:

-[ रेकॉर्ड १ ]----
गाव     | ओतूर
पिशव्या | ४५
भाव     | ३००
-[ रेकॉर्ड २ ]----
गाव     | मंचर
पिशव्या | ६०
भाव     | २८०

शेजारच्या मुलाने सल्ला दिला, "टेबल उडव आणि परत बनव." त्या मुलाला हसण्याचा मला अधिकार नाही. शिकाऊ असताना मीही एकदा असंच टेबल उडवलं होतं, चाळीस नोंदी पुन्हा हाताने भरल्या होत्या, आणि नवं टेबल जुन्यासारखंच उभट दिसलं तेव्हा डोक्याला हात लावला होता.

तिचा खरा प्रश्न मात्र चांगला होता. माहिती बदलली नसेल तर तिचं दिसणं का बदललं? आणि दिसण्याचे नियम सध्या कोणते चालू आहेत, हे विचारायचं कुणाला?

१. किलोला तीस रुपये, तीन तऱ्हांनी

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यातला अर्धा भाग आधीच ठाऊक असतो, कारण तो बाजार समितीत गेलेला असतो. ओतूर, आळेफाटा, मंचर इथे कांद्याचा भाव बोलतात तो दहा किलोचा. लासलगावला तोच भाव क्विंटलचा. नारायणगावला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर विकला जातो आणि कोथिंबीर-मेथी शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या हिशेबाने.

समजा, ओतूरला कांदा ३००, लासलगावला ३०००, आणि नारायणगावला टोमॅटो ६००. परगावच्या माणसाला वाटेल की लासलगावचा शेतकरी दसपट कमावतोय. हिशेब करून पाहा. ३०० भागिले १०, ३००० भागिले १००, ६०० भागिले २०. तिन्हींचं उत्तर किलोला तीस रुपये.

मालाची किंमत एक, ती सांगण्याची रीत वेगळी. या रीतीला संगणकाच्या भाषेत 'डिस्प्ले सेटिंग' म्हणतात, आपण तिला दाखवण्याची मांडणी म्हणू. लिलावात ही मांडणी कुणी उच्चारत नाही, कारण हजर असलेल्या सगळ्यांना ती माहीत असते. नवख्याने मात्र भाव ऐकून थक्क होण्याआधी शेजाऱ्याला विचारावं, "हा कितीचा?"

२. रेकॉर्ड रूम आणि खिडकी

डेटाबेस म्हटलं की आपल्याला एकच वस्तू वाटते. प्रत्यक्षात दोन असतात. तहसील कचेरी आठवा. आत रेकॉर्ड रूम, तिथे दप्तरं. बाहेर खिडकी, तिथे कारकून. आपण दप्तराला हात लावत नाही. खिडकीवर अर्ज देतो, कारकून आतून मजकूर मिळवतो आणि कागदावर उतरवून देतो. उतरवताना रकान्यांत रेघा मारायच्या की नाही, रिकाम्या जागी आडवी रेघ ओढायची की कोरं सोडायचं, एका पानावर किती ओळी घ्यायच्या, या सगळ्या कारकुनाच्या सवयी. दप्तराला त्यांचा पत्ताही नसतो.

रेकॉर्ड रूमला सर्व्हर म्हणतात आणि खिडकीला क्लायंट. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं टाइप करून जिच्याशी बोलायचं ती कमांड लाइन क्लायंट. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची खिडकी म्हणजे पीएसक्यूएल. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला. पुढे पोस्टग्रेस९५ या आवृत्तीत पीएसक्यूएल आलं आणि त्याने 'मॉनिटर' नावाच्या जुन्या खिडकीची जागा घेतली. १९९६ मध्ये डेटाबेसला आजचं लांबलचक नाव मिळालं. खिडकी तीच राहिली.

या खिडकीवर दोन प्रकारच्या आज्ञा चालतात, आणि त्यांतला फरक कळला की पुढचं सगळं सोपं आहे. जी आज्ञा अर्धविरामाने संपते ती आत रेकॉर्ड रूमकडे जाते. जी उलट्या तिरक्या रेघेने, म्हणजे बॅकस्लॅशने सुरू होते ती खिडकीवरच्या कारकुनासाठी असते. पहिलीत आपण माहिती मागतो. दुसरीत कारकुनाला सांगतो की बाबा, असं लिहून दे.

३. नाणेघाटातली रक्कम

'किंमत वेगळी आणि आकृती वेगळी' हे अजून पटत नसेल तर जुन्नरहून नाणेघाटात चला. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेल्या या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब भारतीय अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. त्यात एक रक्कम येते २४,४०० कार्षापणांची.

आज आपण ती पाच अंकांत लिहितो, कारण आपल्याकडे शून्य आहे आणि स्थानानुसार अंकाची किंमत बदलते. नाणेघाटात ही सोय नव्हती. तिथे हजाराच्या चिन्हाला विसाचं चिन्ह जोडून वीस हजार, हजाराला चार जोडून चार हजार आणि शंभराला चार जोडून चारशे. एकूण तीन जोडचिन्हं.

आता हीच रक्कम पोस्टग्रेस्क्यूएलच्या 'न्यूमेरिक' प्रकारच्या रकान्यात ठेवली तर? हा प्रकार दहाच्या नव्हे, दहा हजारांच्या पायावर आकडे साठवतो. म्हणजे त्याच्या हिशेबी २४,४०० मध्ये दोनच 'अंक' आहेत: एक २ आणि दुसरा ४४००. शिळेवर तीन, वहीत पाच, यंत्रात दोन. पडद्यावर पाच अंक दिसतात ते बाहेर पाठवताना रेकॉर्ड रूमनेच आपल्यासाठी उतरवून दिले म्हणून.

४. नुसतं विचारणारी आज्ञा

एक सूचना. या पुस्तकात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या. आपल्याला हवी असलेली आज्ञा आहे \पीसेट. आधी बॅकस्लॅश, मग पी, एस, ई, टी ही चार अक्षरं आणि एंटर. पुढे काहीही लिहायचं नाही. विद्यार्थिनीने ती दिली तेव्हा पडद्यावर वीसेक ओळींची यादी आली. कामाच्या ओळी अशा:

बॉर्डर            १
एक्स्पांडेड       ऑन
फील्डसेप         '|'
फूटर             ऑन
फॉरमॅट           अलाइन्ड
नल               ''
न्यूमेरिकलोकेल    ऑफ
पेजर             १
टपल्स_ओन्ली      ऑफ

ही यादी म्हणजे कारकुनाच्या या घडीच्या सवयी. 'बॉर्डर' म्हणजे रेघा किती. शून्य असेल तर रकान्यांत फक्त मोकळी जागा, एक असेल तर मधल्या रेघा, दोन असेल तर चारही बाजूंनी चौकट. 'फॉरमॅट' म्हणजे एकंदर साचा. अलाइन्ड म्हणजे रकाने एकाखाली एक जुळवलेले, अनअलाइन्ड म्हणजे न जुळवता सलग. त्या सलग ओळीत दोन रकान्यांच्या मधे कोणतं चिन्ह घालायचं ते 'फील्डसेप' ठरवतं. 'फूटर' म्हणजे तळाची "(२ ओळी)" ही नोंद. 'टपल्स_ओन्ली' ऑन केलं तर रकान्यांची नावं आणि तळटीप दोन्ही गायब होतात, उरतात नुसत्या नोंदी. 'पेजर' म्हणजे मजकूर पडद्यात मावला नाही तर पानापानाने थांबायचं की नाही. 'न्यूमेरिकलोकेल' ऑन असेल तर मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम पडतात. 'नल'ची गोष्ट पुढे येईल.

आणि 'एक्स्पांडेड'. ते ऑन असेल तर प्रत्येक नोंद उभी, एका ओळीत एक रकाना. पन्नास रकान्यांच्या टेबलासाठी ही फार उत्तम सोय आहे. तीन रकान्यांच्या टेबलावर ती अशी दिसते, जशी तिला रविवारी दिसली.

नुसत्या \पीसेटने सगळी यादी दाखवण्याची सोय २०१४ च्या ९.४ या आवृत्तीपासून आली. त्याआधी नुसतं \पीसेट म्हटलं तर पुढे काहीतरी लिहा अशी तक्रार यायची. इतकी साधी सोय इतक्या उशिरा का आली असेल? माझा तर्क असा की क्लायंट लिहिणारी मंडळी लिलावातल्या आडत्यांसारखी असतात. त्यांना मांडणी तोंडपाठ असते, त्यामुळे ती विचारावी लागेल हेच त्यांच्या मनात येत नाही.

मांडणी उघड सांगितली की काय फायदा होतो, यासाठी सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. २०२० साली त्याचा सुधारित नमुना आला. त्यात शेतजमिनीच्या क्षेत्रासाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर-चौरस मीटर हे एकक स्पष्ट छापायचं ठरलं. ०.४० हा आकडा वाचून एकर-गुंठ्यांत विचार करणारा माणूस गोंधळतो. एकक शेजारी असेल तर तो हिशेब मांडतो: चाळीस आर म्हणजे साधारण साडेएकोणचाळीस गुंठे, म्हणजे जवळपास एकरभर. \पीसेटची यादी पडद्यावरच्या टेबलाला हेच एकक जोडून देते.

५. दोरीचा खटका

मग विद्यार्थिनीने विचारलं, "सर, सगळी यादी कशाला? मला फक्त एक्स्पांडेडचं विचारायचंय." तिने \पीसेट एक्स्पांडेड टाइप केलं. उत्तर आलं की आता एक्स्पांडेड ऑफ आहे.

"पण आत्ता यादीत तर ऑन होतं!"

होतं. तिने विचारलं आणि विचारण्याच्या नादात बदललं. पीएसक्यूएलमधली सगळ्यात फसवी जागा हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला दोन बटणं असतात, हिरवं आणि लाल. हिरवं दोनदा दाबलं तरी मोटार चालूच राहते. रात्री थ्री फेज आली की अंधारात चाचपडत जाऊन दाबलं तरी चूक होत नाही. याउलट जुन्या घरांत दिव्याला लोंबणारी दोरी असायची. एकदा ओढली की दिवा लागतो, पुन्हा ओढली की विझतो. दिवा चालू आहे का हे पाहायला दोरी ओढली तर ज्याची खात्री करायची तेच आपण बदलून टाकतो.

एक्स्पांडेड, फूटर, टपल्स_ओन्ली आणि पेजर या दोऱ्या आहेत. त्यांच्यापुढे किंमत न लिहिता आज्ञा दिली की त्या उलटतात. त्यांची छोटी रूपंही तशीच: \एक्स हे एक्स्पांडेडचं, \टी हे टपल्स_ओन्लीचं. \ए ने अलाइन्डचं अनअलाइन्ड होतं आणि पुन्हा \ए ने परत अलाइन्ड. बॉर्डर आणि नल यांचं मात्र निराळं आहे. \पीसेट बॉर्डर एवढंच लिहिलं तर कारकून गुमान आत्ताची किंमत सांगतो, काही बदलत नाही. कुठे विचारलं की उत्तर, कुठे विचारलं की उलथापालथ. असा कारकून कचेरीत असता तर त्याच्याविरुद्ध कधीच अर्ज गेला असता.

यातून वाट काढणं सोपं आहे. पाहायचं असेल तर नुसतं \पीसेट, ते कशालाही धक्का लावत नाही. बदलायचं असेल तर पुढे ऑन किंवा ऑफ लिहूनच बदलायचं. \पीसेट एक्स्पांडेड ऑफ हे दहा वेळा दिलं तरी ऑफच राहतं.

६. रिकामी चौकट

यादीतली 'नल'ची ओळ पाहा. तिच्यापुढे दोन अवतरणचिन्हं आहेत आणि मधे काहीच नाही. 'नल' म्हणजे नोंदच नसणं. शून्य वेगळं, कोरा मजकूर वेगळा आणि नल वेगळं.

आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला पाऊस कोसळतो, आणि पूर्वेच्या गावांत त्याच दिवशी मातीही भिजत नाही. तिथली एक पावसाची वही कल्पनेने उघडू. चार दिवस: ४० मिलिमीटर, मग कोरा रकाना, मग ०, मग २०. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापकाकडे कुणी गेलंच नाही. कोऱ्या रकान्याला शून्य समजलात तर सरासरी ६० भागिले ४, म्हणजे १५. डेटाबेसला सरासरी विचारलीत तर तो नल वगळतो: ६० भागिले ३, म्हणजे २०. पडद्यावर कोरा रकाना बघून वहीवर १५ काढणारा आणि डेटाबेसकडून २० घेणारा, दोघे भांडत बसतात. दोघांचंही गणित बरोबर असतं.

म्हणून \पीसेट नल 'नोंद नाही' असं सांगून ठेवावं. लगेच तीच माहिती अशी दिसेल:

 दिवस | पाऊस
------+----------
    १ |       ४०
    २ | नोंद नाही
    ३ |        ०
    ४ |       २०

आत दप्तरात "नोंद नाही" हे शब्द कुणी लिहिलेले नाहीत, तिथे अजूनही नलच आहे. मजकुराच्या रकान्यांत या सेटिंगचा आणखी एक फायदा होतो. नल बोलायला लागल्यावरही जे रकाने कोरेच राहतात, त्यांत कुणीतरी खरोखरच कोरा मजकूर भरलेला असतो. गावाच्या रकान्यात असं आढळलं तर डेटा भरणाऱ्याला हाक मारावी.

७. दुसऱ्या खिडक्या

प्रत्येक डेटाबेसची खिडकी निराळी आणि तिची बोलीही.

ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये 'शो ऑल' म्हटलं की सगळी मांडणी समोर येते. एकच गोष्ट हवी असेल तर 'शो नमविड्थ' असं तिचं नाव घ्यायचं. इथे 'शो' फक्त दाखवतं आणि 'सेट' फक्त बदलतं. दोरीचा खटका नाही. या बाबतीत ही जुनी खिडकी जास्त सरळ आहे, असं माझं मत.

तिच्या सवयी मात्र जुन्या. एका पतसंस्थेत बारा आकडी खाते क्रमांक पडद्यावर १.२३४६ई+११ असा उमटला आणि घबराट झाली. खातं होतं १२३४५६७८९०१२. आकड्यासाठी मुळात दहा घरांची जागा ठरलेली असते, बारा आकडे त्यात मावत नाहीत, म्हणून क्लायंटने तो आखडून लिहिला. 'सेट नमविड्थ १५' म्हणताच पूर्ण क्रमांक हजर. तसंच, एखाद्या रकान्यासाठी तीनच घरं आखली आणि आत २५०० आले तर तिथे आकड्याऐवजी ओळीने # अशा जाळीदार खुणा उमटतात. हे रकान्यांचे साचे 'शो ऑल'मध्ये येतच नाहीत, त्यांच्यासाठी नुसतं 'कॉलम' असं वेगळं विचारावं लागतं.

याच खिडकीत ओळीची लांबी मुळात ८० अक्षरांची असते. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं छिद्रकार्ड काढलं, पुढच्या पडद्यांनी तीच रुंदी धरली, आणि कार्डं भंगारात गेल्यावरही आकडा मागे राहिला. लांब नोंद घडी पडून खालच्या ओळीत उतरते आणि एकीच्या दोन नोंदी झाल्यासारखं वाटतं, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहे. डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये काढला. त्याच्या खिडकीला विचारताना बॅकस्लॅश नाही, टिंब द्यायचं: .शो. उत्तरात साचा, रकान्यांची नावं दाखवायची की नाही, नलसाठी कोणता शब्द, मधलं चिन्ह कोणतं, असं सगळं येतं. पीएसक्यूएलमध्ये हात बसलेल्याला ते लगेच उमगतं.

८. वाकडी रेघ

मराठी माहिती भरणाऱ्यांची एक खास तक्रार आहे. रकाने जुळवलेले असले तरी मधली उभी रेघ सरळ येत नाही, माळशेज घाटासारखी वळणं घेत उतरते.

'जुन्नर' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा. साठवताना त्याचे सहा तुकडे होतात: ज, उकार, न, पाय मोडण्याची खूण, न आणि र. क्लायंट रुंदी मोजताना उकार आणि पाय मोडण्याची खूण यांना शून्य जागा धरतो, म्हणजे शब्दाला चार घरं मिळतात. पडद्यावर अक्षरं काढणारा प्रोग्रॅम दोन न जोडून त्यांचा 'न्न' करतो आणि कमी जागेत बसवतो. मोजणारा एक, काढणारा दुसरा, आणि दोघांचा माप घेण्याचा गज वेगळा. म्हणून रेघ सरकते. माहिती शाबूत असते. रेघ डोळ्यांत खुपत असेल तर अशा टेबलाला एक्स्पांडेड ऑन करून वाचावं.

शब्दाच्या जागी '????' दिसलं तर मात्र सावध व्हा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हा अनुभव नवा नाही. इथे दोन शक्यता असतात. आत मराठी नीट आहे आणि खिडकीने चुकीची लिपी-संहिता, म्हणजे अक्षरांना खुणा देण्याची चुकीची रीत, धरली आहे, मग संहिता दुरुस्त केली की झालं. किंवा भरतानाच संहिता चुकली होती आणि आत खरोखरच प्रश्नचिन्हं जाऊन बसली आहेत. मग ती अक्षरं गेली, मांडणी कितीही बदला. कोणती शक्यता खरी ते 'हेक्स' या फंक्शनने कळतं. ते साठवलेल्या खुणा कच्च्या रूपात दाखवतं. उत्तरात ३एफ, ३एफ, ३एफ अशी रांग दिसली तर ती प्रश्नचिन्हाचीच खूण आहे.

९. यादीत नसलेली तारीख

\पीसेटच्या यादीत तारीख कुठेही नाही. कारण तारखेची रीत खिडकीवर ठरत नाही, आत रेकॉर्ड रूममध्ये ठरते.

नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक येऊन यात्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात. समजा, एका राहुटीने या सुपाऱ्यांची नोंद डेटाबेसमध्ये ठेवली आणि कुणी तारीख भरली ०५/०४/२०२५. आपल्या डोळ्यांनी ती ५ एप्रिल. सर्व्हरची रीत आधी महिना धरणारी असेल तर तो तिला ४ मे समजून आत ठेवतो. मग ५ एप्रिलला गावात मांडव तयार आणि फड भलत्याच गावी. आत जाऊन बसलेली प्रश्नचिन्हं सोडली तर आतापर्यंतचे घोळ नुसते दिसण्याचे होते. हा तसा नाही. इथे वाचतानाच अर्थ बदलला आणि चुकीची तारीख दप्तरात गेली.

हे तपासायला आज्ञा आत पाठवावी लागते: शो डेटस्टाइल, असं, शेवटी अर्धविराम देऊन. उत्तरात डीएमवाय दिसलं तर आधी दिवस, एमडीवाय दिसलं तर आधी महिना. वर्ष आधी लिहून २०२५-०४-०५ अशी तारीख भरली तर दोन्ही रीतींत तिचा अर्थ ५ एप्रिलच.

सर्व्हरची सगळी सेटिंग्ज हवी असतील तर शो ऑल. आणि क्लायंटचे स्वतःचे चल, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेली नावं आणि किमती, हवे असतील तर नुसतं \सेट. पीएसक्यूएलमध्ये अशा तीन निरनिराळ्या याद्या आहेत. रेघा, रिकामे रकाने आणि उभं-आडवं यांचा प्रश्न असेल तेव्हाच \पीसेटकडे जायचं.

१०. रविवारचा उलगडा

एक गोष्ट अजून उरली आहे. \पीसेटने केलेले बदल त्या बैठकीपुरते असतात. पीएसक्यूएल बंद केलं की कारकून सगळं विसरतो आणि पुढच्या वेळी मूळ सवयींनी सुरू होतो. मग रविवारी सकाळी नुकत्याच उघडलेल्या खिडकीत एक्स्पांडेड ऑन कसं?

मी तिला पीएसक्यूएल बंद करायला सांगितलं आणि सुरू करताना त्याच्या नावापुढे वजाचं चिन्ह आणि मोठा एक्स लिहायला लावला. या वेळी टेबल शनिवारसारखं आडवं आलं. म्हणजे दोष टेबलात नव्हता, तिच्या हातातही नव्हता. वजा-एक्सने क्लायंटला सांगितलं होतं की तुझी सवयींची फाइल वाचू नकोस. सुरू होताना पीएसक्यूएल वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरमधली टिंबाने सुरू होणारी .पीएसक्यूएलआरसी नावाची फाइल वाचतं आणि तिच्यात लिहिलेल्या आज्ञा आपणहून चालवतं. आम्ही ती फाइल उघडली. आत एकच ओळ होती: \एक्स.

त्या संगणकावर सकाळी आठला दुसरी तुकडी बसायची, त्याच खात्याने. त्यांच्यातल्या एकाला चाळीस रकान्यांचं टेबल वाचायचं होतं. रोज \एक्स लिहायचा कंटाळा आला म्हणून त्याने ती ओळ फाइलीत टाकली आणि आपलं काम सोपं केलं.

आता फाइल कुणाची, यावर वाद झाला असता. विद्यार्थिनीने \एक्स खोडून तिथे \पीसेट एक्स्पांडेड ऑटो लिहिलं. ऑटो म्हणजे टेबल पडद्यात मावत असेल तर आडवं, मावत नसेल तर आपोआप उभं. तिचे तीन रकाने आडवे आले. त्या मुलाचे चाळीस पुढच्या शनिवारी सकाळी उभे आले, आणि मधे काही बदललंय हे त्याला कळलंसुद्धा नाही. नंतर तिने फाइलीत खाली आणखी एक ओळ घातली, नुसतं \पीसेट. खिडकी उघडली की टेबलाच्या आधी वीसेक ओळींची यादी यायला लागली. तेव्हा मात्र तो विचारत आला, "सर, हे काय दिसायला लागलंय? मी कशालाही हात लावला नाही."